बंद कारखान्याचा दूषित किनारा लोकसहभागातून सावरताना : नवख्या गटांसाठी मार्गदर्शक

समुद्रकाठचा कारखाना बंद पडून काही वर्षे गेली की त्या जागेवर झुडपे माजतात, ओहोटीला पक्षी उतरू लागतात, आणि आसपासच्या लोकांना वाटते की कचरा उचलून रोपे लावली तर हा किनारा पुन्हा नांदता होईल. ही तळमळ खरी असते आणि तिच्यावाचून असे कोणतेही काम उभे राहत नाही. परंतु या प्रक्रियेतून गेल्यावर मी ठामपणे सांगतो की रोपे लावणे ही या कामाची शेवटची पायरी आहे. त्याआधी गाळात काय मुरले आहे ते समजले पाहिजे, घाण अजून येत असेल तर ती थांबली पाहिजे, आणि भरतीचे पाणी जिथे खेळायला हवे तिथे ते खेळू लागले पाहिजे. हा क्रम उलटला तर पैसा आणि माणसांचा उत्साह वाया जातोच, शिवाय गाळात निपचित पडलेले विष मोकळे होण्याचा धोका असतो.

पुढचे टप्पे कोणत्याही किनाऱ्याला लागू पडतील अशा रीतीने मांडले आहेत. कायदे आणि परवाने जागोजागी वेगळे असतात, म्हणून ते त्या ठिकाणच्या जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावेत.

१. जागेचा इतिहास लिहून काढा

प्रयोगशाळेकडे गाळ देऊन ‘यात काय काय आहे ते सांगा’ असे म्हणता येत नाही. कोणते घटक शोधायचे हे तुम्हालाच सांगावे लागते आणि प्रत्येक गटातील घटकांच्या तपासणीचे शुल्क वेगळे असते. म्हणून तिथे नेमके काय बनत होते, कोणत्या काळात आणि कोणत्या पद्धतीने, हे आधी शोधावे.

उद्योगाच्या प्रकारावरून संशयाची दिशा ठरते. जहाजांच्या गोदीत तांबे, शिसे, ॲस्बेस्टॉस आणि तळाच्या रंगातील ट्रायब्युटिलटिन हे संयुग सापडते. या संयुगामुळे मादी शंखांना नराचे अवयव फुटतात. जहाजांवर त्याचा वापर थांबवणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला, तरी प्राणवायू न पोचणाऱ्या गाळात ते अनेक वर्षे टिकून राहते. कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांखाली डांबर, नॅफ्थलीनसारखी बहुचक्रीय संयुगे आणि सायनाइड असते. पाऱ्याच्या विद्युतघटांतून क्लोरीन व कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांभोवती पारा, धातू वितळवण्याच्या भट्ट्यांभोवती आर्सेनिक, शिसे व कॅडमियम, कातडी कमावण्याच्या जागी क्रोमियम, आणि जुनी विद्युत रोहित्रे ठेवलेल्या किंवा फोडलेल्या जागी पीसीबी (रोहित्रांच्या तेलातली, सहजी न मोडणारी विषारी क्लोरीनयुक्त संयुगे) शोधावेत.

या टप्प्यावर जमवायची कागदपत्रे अशी:

- जागेच्या मालकीचे जुने-नवे उतारे, भाडेकरार आणि कंपनी विकली गेली असल्यास त्या व्यवहाराचे दस्त
- कारखान्याचे परवाने, सांडपाणी सोडण्याची संमतिपत्रे आणि तपासणी अहवाल
- वेगवेगळ्या दशकांतले नकाशे व हवाई छायाचित्रे
- अपघात, आग व गळतीच्या नोंदी, तसेच त्या काळची वर्तमानपत्रे
- भरती-ओहोटीची कोष्टके आणि किनाऱ्याच्या उंचीचे मोजमाप

जुना आणि नवा नकाशा एकमेकांवर ठेवून किनारारेषा पुढे सरकलेली दिसली, तर मधली सगळी जमीन भरावाची समजावी. तो भराव बहुधा कारखान्याच्याच राखेचा, मळीचा (भट्टीतून निघालेल्या टाकाऊ अंशाचा) किंवा राडारोड्याचा असतो. यापेक्षाही मोलाची माहिती जुन्या कामगारांकडे असते. पिंपे कुठे पुरली, रात्री कोणती झडप उघडली जायची, पावसाळ्यात कोणता नाला रंगीत वाहायचा, या गोष्टी कोणत्याही परवान्यात लिहिलेल्या नसतात. त्यांच्याशी घाई न करता बोलावे, नकाशावर त्यांच्याच हाताने खुणा करून घ्याव्यात, आणि नाव उघड करायचे की नाही हे त्यांच्यावर सोडावे.

२. मालकी आणि जबाबदारी स्पष्ट होईपर्यंत माती हलवू नका

लेखी परवानगीशिवाय अशा जागेत खोदणे हे नुसते अतिक्रमण ठरत नाही. दूषित माती एका जागेवरून दुसरीकडे नेणारा गट काही देशांच्या कायद्यांनुसार स्वतःच प्रदूषण पसरवल्याबद्दल जबाबदार धरला जाऊ शकतो. सदिच्छेने टाकलेला एक ट्रक माती पुढे मूळ प्रदूषकाच्या वकिलाच्या हातातले शस्त्र बनू शकतो.

प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यात (संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास परिषदेत मान्य झालेल्या तत्त्वांच्या यादीत) सोळाव्या क्रमांकावर आहे, आणि माहिती मिळण्याचा व निर्णयात सहभागी होण्याचा नागरिकांचा हक्क दहाव्या क्रमांकावर. त्यावर आधारलेल्या तरतुदी तुमच्या कायद्यात कुठे आहेत ते शोधावे. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड या विषारी जागांच्या सफाईच्या कायद्याखालील जागांसाठी स्थानिक गटांना स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याकरिता सुरुवातीला ५० हजार डॉलरपर्यंत तांत्रिक अनुदान मिळते. तुमच्याकडे अशी तरतूद नसली तरी ‘आमचा तज्ज्ञ आम्ही निवडू’ ही मागणी करायला कोणतीही आडकाठी नाही, आणि ती पहिल्याच बैठकीत करावी.

जपानमधील तेशिमा बेटाचे उदाहरण प्रत्येक गटाने समजून घ्यावे. तिथे एका व्यावसायिकाने किनाऱ्यालगत वर्षानुवर्षे बेकायदा औद्योगिक कचरा टाकला आणि जाळला. १९९० साली पोलिसांच्या छाप्यानंतर ते थांबले, पण कचरा तिथेच राहिला. बेटावरच्या रहिवाशांनी १९९३ साली मध्यस्थीसाठी अर्ज केला आणि २००० साली झालेल्या तडजोडीत प्रांताच्या राज्यपालांनी त्यांची माफी मागितली. शेजारच्या नाओशिमा बेटावर प्रक्रिया करण्यासाठी नेलेला कचरा आणि दूषित माती मिळून नऊ लाख टनांहून अधिक भरली, आणि ती हलवण्याचे काम २०१७ साली संपले. भूजलाची सफाई त्यानंतरही चालू राहिली. लोकांनी हाताने कचरा उचलला म्हणून हे झाले नाही. ज्यांनी परवाना दिला, ज्यांनी दुर्लक्ष केले, त्यांना रहिवाशांनी जबाबदारीपासून हलू दिले नाही. लोकसहभाग म्हणजे श्रमदान असा समज अनेक ठिकाणी मुद्दाम पसरवला जातो. त्याला बळी पडू नये.

३. गट बांधताना नोंदी ठेवणारा माणूस आधी निवडा

मच्छीमार, जुने कामगार, लगतचे रहिवासी, शाळेतले विज्ञान शिक्षक, गाळाच्या रसायनशास्त्राची जाण असलेली एखादी व्यक्ती आणि एक वकील, इतकी माणसे असली की काम सुरू होते. त्यात एकाकडे केवळ नोंदींची जबाबदारी असावी : प्रत्येक बैठकीचे टिपण, प्रत्येक पत्राची पोच, प्रत्येक छायाचित्राची तारीख आणि जागा. अशा कामात अधिकारी बदलतात, कंपन्यांची नावे बदलतात, आणि आधी काय कबूल झाले होते हे सांगणारा कागद शेवटी फक्त गटाकडेच उरतो.

४. सुरक्षिततेची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा

साधने : गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, रसायनरोधक हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, धूळ असल्यास योग्य दर्जाचा श्वसनमुखवटा, भरपूर स्वच्छ पाणी, प्रथमोपचार पेटी, दोर, शिट्टी आणि भरतीचे कोष्टक.

चिखलात एकट्याने कधीही उतरू नये. ओहोटी लागलेली असतानाच आत जावे आणि पाणी परतण्याच्या बऱ्याच आधी बाहेर यावे. जागेवर खाणे, पिणे, धूम्रपान करू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण शिशाची धूळ घरात जाते ती अशीच. लहान मुलांना पक्षीनिरीक्षणाला किंवा चित्रे काढायला बोलवावे, नमुने घ्यायला नाही. पत्र्यांचे किंवा नळांच्या वेष्टनाचे तुकडे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शंका आली तर ते मोडू, झाडू किंवा उचलू नयेत. जागा दोरीने अडवून प्रशिक्षित माणसांना बोलवावे.

५. नमुने घ्या, पण पुराव्यासारखे

पुढचे सगळे निर्णय या टप्प्यावर अवलंबून असल्याने इथे वेळ द्यावा.

आधी चिखल वाचायला शिकावे. ओहोटीला एक पारदर्शक नळी गाळात सरळ दाबून वरचे तोंड बंद करून बाहेर काढली की आतले थर दिसतात. वरचा काही मिलिमीटरांचा, फार तर एखाद-दोन सेंटिमीटरचा थर तपकिरी असतो, कारण तिथपर्यंत प्राणवायू पोचतो. त्याखाली गाळ एकदम काळा होतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. नवखे लोक हा काळेपणा म्हणजेच प्रदूषण समजतात, पण निरोगी खाजणातही तो असतो. तो लोहाच्या सल्फाइडचा रंग आहे. याउलट डांबराचा वास, राखेचे करडे पट्टे, काचेरी मळीचे कण किंवा रंगाचे पापुद्रे दिसले तर त्या खोलीची नोंद करावी. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग असेल तर तो काडीने मोडून पाहावा. त्याचे कोनदार तुकडे होऊन ते तसेच तरंगत राहिले तर तो बहुधा लोहजिवाणूंचा असतो. काडी काढताच तो पुन्हा जुळून आला तर तेल असल्याचे धरून चालावे.

नमुन्यांची आखणी करताना तीन प्रकारच्या जागा घ्याव्यात : जिथे संशय आहे तिथल्या, त्यांच्यापासून दूर जाणाऱ्या ओळीतल्या, आणि तशाच गाळाची पण कारखान्याचा स्पर्श न झालेली एखादी तुलनेची जागा. ही तुलनेची जागा नसेल तर ‘हे धातू इथल्या खडकातूनच आले’ या युक्तिवादाला तुमच्याकडे उत्तर राहत नाही. पृष्ठभागाबरोबर खोलीचेही नमुने घ्यावेत, कारण कारखाना जोरात चालू असतानाचा गाळ अनेकदा नव्या थराखाली दबलेला असतो.

धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली आणि तेल, डांबर, पीसीबी यांसाठी काचेची बाटली वापरावी. नमुने बर्फात, साधारण ४ अंश सेल्सिअसला ठेवावेत. प्रत्येक बाटलीवर क्रमांक, तारीख, वेळ, स्थान, खोली आणि घेणाऱ्याची सही असावी, आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी ताबापत्रावर सही व्हावी. काही नमुने दुहेरी घेऊन वेगळ्या क्रमांकांनी पाठवावेत, म्हणजे प्रयोगशाळेची अचूकता कळते. जागेवर धातूंचा अंदाज देणारी हातातली क्ष-किरण यंत्रे भाड्याने मिळत असतील तर ती घ्यावीत. त्यांनी कुठे खोल जायचे ते ठरवता येते, मात्र ओल्या गाळात त्यांचे आकडे कमी येतात आणि ते अंतिम पुरावा म्हणून पुढे करू नयेत.

अहवाल हाती आल्यावर तीन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली म्हणजे सरासरी. मोठ्या जागेची सरासरी ‘सुरक्षित’ दाखवून एका कोपऱ्यातला भयंकर साठा लपवता येतो, म्हणून प्रत्येक बिंदूचा आकडा मागावा. दुसरी म्हणजे ‘आढळले नाही’ हा शेरा. यंत्राची किमान मापनमर्यादाच धोक्याच्या पातळीहून वर असेल तर त्या शेऱ्याला काही अर्थ नसतो. तिसरी म्हणजे वाळू. धातू बारीक कणांना चिकटतात. त्यामुळे वाळूचे नमुने घेतले की किनारा स्वच्छ भासतो. कणांचा आकार आणि सेंद्रिय कर्ब यांची मोजणी प्रत्येक नमुन्यासोबत मागावी. तुलनेसाठी १९९५ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील समुद्री गाळाची मार्गदर्शक मूल्ये जगभर वापरली जातात. त्यांत कोरड्या गाळाच्या किलोमागे शिशाची खालची पातळी ४६.७ आणि वरची २१८ मिलिग्रॅम, तर पाऱ्याची ०.१५ आणि ०.७१ मिलिग्रॅम आहे. खालच्या पातळीखाली सजीवांवर परिणाम क्वचित दिसतो, वरच्या पातळीपुढे तो वारंवार दिसतो. ही मूल्ये चाळणी म्हणून वापरावीत, आणि जिथे आकडे मोठे येतील तिथे जिवंत प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या चाचण्यांची मागणी करावी.

६. घाणीचा उगम बंद करा

जुनी नळी, भरावातून झिरपणारे भूजल, लाटांनी ढासळणारा राखेचा कडा आणि आसपासच्या चालू उद्योगांचे सांडपाणी, हे चार उगम एकेक करून तपासावेत. ओहोटीच्या अगदी तळाला किनाऱ्यावर चालत गेले तर झिरपे डोळ्यांना दिसतात. उगम चालू असताना केलेली सफाई टिकत नाही, एवढे एकच कारण हा टप्पा न टाळण्यासाठी पुरेसे आहे.

७. खोदायचे, झाकायचे की तसेच ठेवायचे

सगळे विष खणून काढा, ही लोकांची स्वाभाविक मागणी असते. ती नेहमीच योग्य नसते. तो काळा, प्राणवायूविरहित गाळ धातूंना सल्फाइडच्या रूपात घट्ट धरून ठेवतो. गाळ उपसून हवेत आणला की सल्फाइड मोडते आणि धातू पाण्यात सुटू शकतात. काही किनाऱ्यांवर तर पायराइटयुक्त (लोह व गंधकाचे खनिज असलेली) माती असते. ती उघडी पडून सुकली की तिच्यात सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि पुढच्या पावसात मासे मरतात. म्हणून कोणत्याही खोदाईआधी या मातीची चाचणी झालीच पाहिजे.

जपानमधील मिनामाता उपसागराचे काम या दृष्टीने अभ्यासावे. तिथल्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात पाऱ्याची संयुगे समुद्रात गेली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ साली उपसागराच्या तोंडाशी जाळे लावले गेले. किलोमागे २५ मिलिग्रॅमहून अधिक पारा असलेला गाळ हटवण्याचे वा बंदिस्त करण्याचे काम १९७७ ते १९९० असे चालले, तो बंधाऱ्याआड भरून सुमारे ५८ हेक्टर जमीन तयार झाली, आणि जाळे निघाले ते १९९७ साली. म्हणजे तिथेही पारा नाहीसा झाला नाही. तो देखरेखीखाली बंदिस्त झाला. तुमच्या जागेबद्दल कोणी दोन वर्षांत ‘संपूर्ण स्वच्छता’ देऊ करत असेल तर त्याला हा कालक्रम दाखवावा.

मध्यम दूषित गाळावर स्वच्छ वाळूचे आच्छादन घालता येते. पीसीबी व डांबरातल्या संयुगांसाठी त्यात सक्रिय कोळसा मिसळतात. तो ही संयुगे धरून ठेवतो आणि किड्यांच्या शरीरात जाऊ देत नाही. मात्र जिथे लाटांचा मारा किंवा बोटींची वर्दळ आहे तिथे पातळ आच्छादन वाहून जाते. जिथे स्वच्छ गाळ आपोआप साचत आहे आणि आकडे वर्षागणिक उतरत आहेत, तिथे नियमित मोजमाप ठेवून निसर्गाला काम करू देणे हाही एक उपाय आहे, पण तो स्वीकारण्यापूर्वी उतरणारे आकडे पाहावेत, नुसते आश्वासन घेऊ नये.

वनस्पतींनी जमीन शुद्ध करण्याची कल्पना लोकांना फार आवडते. आर्सेनिक शोषून घेणारे नेचे खरोखर आहे, परंतु खाऱ्या चिखलात ते तगत नाही. शिवाय पीसीबी आणि जाड डांबरासाठी वनस्पतींची गती अत्यंत मंद असते. पाऱ्याच्या बाबतीत तर उलटेही घडते : पाणथळ जागेतील सल्फेट वापरणारे जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तोच माशांत साठत जातो. पारा असलेल्या जागी नवी दलदल उभारण्याआधी यावर तज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे.

८. पाणी आधी, रोपे नंतर

खारफुटी लावण्याचे असंख्य कार्यक्रम फसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा रोपांत नसून उंचीत असते. खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वर आणि उधाणाच्या भरतीच्या रेषेखाली वाढते. कोणाचा विरोध नसलेली मोकळी जागा म्हणून त्याहून खालच्या चिखलपट्टीवर रोपे लावली जातात आणि बुडून मरतात. अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ रॉबिन लुईस यांनी फ्लोरिडात दाखवून दिले की जमिनीची उंची आणि भरतीचे प्रवाह नीट केले, म्हणजे जागा एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी काळच पाण्याखाली राहील असे पाहिले, तर बिया प्रवाहाबरोबर येऊन जंगल आपोआप उभे राहू शकते. म्हणून जुने बांध कुठे फोडायचे, भरावाखाली गाडलेली कोणती खाडी मोकळी करायची, हे आधी ठरवावे. शेजारच्या निरोगी खाजणात कोणती जात किती उंचीवर उभी आहे ते मोजून आपल्या जागेशी ताडावे. रोपे लावावी लागलीच तर ती बिया जिथे पोचत नाहीत तेवढ्यापुरती लावावीत.

समुद्री गवताला स्वच्छ, प्रकाश झिरपणारे पाणी लागते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यावरील उपसागरांत १९९९ पासून सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या आणि गवत साडेतीन हजार हेक्टरांपलीकडे पसरले. तिथले पाणी आधीपासूनच चांगले होते आणि उणीव होती ती फक्त बियांची. गढूळ, तेलकट पाण्यात तोच प्रयोग करण्यात अर्थ नाही.

कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, बाबतीत विशेष सावध राहावे. कालवे पाणी गाळतात हे खरे, पण गाळलेले विष त्यांच्या मांसात उतरते आणि माणसे ते काढून खातात. अमेरिकेतील न्यू जर्सीत २०१० साली याच भीतीने दूषित पाण्यातील प्रायोगिक कालवे सरकारने काढायला लावले होते. पाण्याचा दर्जा सिद्ध होईपर्यंत खाण्याजोगे काहीही लावू नये, आणि लगतच्या मच्छीमारांना काय खाऊ नये हे त्यांच्या बोलीत, चित्रांसह सांगावे. त्यांचे उत्पन्न बुडणार असेल तर भरपाईची मागणी पहिल्या निवेदनातच असावी, कारण ती नंतर घुसडता येत नाही.

९. मोजमाप आणि हस्तांतर

काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर, आपल्या जागी आणि तुलनेच्या जागी, त्याच ऋतूत आणि त्याच पद्धतीने मोजले तरच बदल आपल्या कामामुळे झाला असे म्हणता येते. गाळाचे रसायन दरवर्षी तपासणे परवडत नसेल तर चिखलातले किडे, शंख, खेकड्यांची बिळे आणि ठरावीक ठिकाणांवरून काढलेली छायाचित्रे एवढे तरी नियमाने नोंदवावे. आच्छादनाची जाडी प्रत्येक मोठ्या वादळानंतर मोजावी.

जिथे विष झाकून ठेवले आहे तिथली खोली, हद्द आणि खोदाईबंदी यांची नोंद जमिनीच्या मालकी दस्तावर करून घ्यावी, आणि तिची प्रत नगररचना खात्याच्या नकाशात लावून घ्यावी. जागा हिरवी दिसू लागली की तिची किंमत वाढते, आणि पुढचा खरेदीदार पाया खोदताना तुमचा अहवाल शोधून वाचेल अशी आशा धरता येत नाही. बांधकामाचा अर्ज आल्याबरोबर ती नोंद अधिकाऱ्याच्या समोर आपोआप आली पाहिजे.